बॅटरीचे आयुष्य आणि आपली जबाबदारी

पूर्वी कारागिराचे हत्यार म्हणजे लोखंड आणि लाकूड. धार गेली तर दगडावर घासली, दांडा मोडला तर नवा बसवला, आणि बापाचे हत्यार मुलाच्या हाती गेले. आज सुताराच्या हातात बिनवायरचे ड्रिल आहे, सलूनमध्ये ट्रिमर आहे, हातगाडीवर चार्जिंगचा दिवा आहे, दुकानात बिल काढणारे छोटे यंत्र आहे आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. हत्यार शाबूत असते, पण त्याच्या पोटातील बॅटरी बसली की काम बंद पडते. नवी बॅटरी घ्यायला गेले तर ती निम्म्या हत्याराच्या किमतीची निघते. म्हणून बॅटरीचे आयुष्य हा आता केवळ शास्त्राचा विषय राहिलेला नाही. तो आपल्या रोजीरोटीचा विषय झाला आहे.

आमच्या ओळखीचे एक सुतार आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये फर्निचर तयार करतात. त्यांनी हौसेने एक चांगले ड्रिल घेतले. नवव्या महिन्यात त्याची बॅटरी अर्ध्या तासात उतरू लागली. आम्ही त्यांची रोजची पद्धत विचारली. काम संपले की गरम पॅक तसाच चार्जरला लावायचा, रात्रभर ठेवायचा आणि सकाळी काढायचा. शेडमध्ये उन्हाळ्यात उभे राहवत नाही, पण पॅक तिथेच असायचा. पुढे त्यांनी एका दुकानात त्या पॅकमधील सेल बदलून घेतले. "ओरिजिनल आहेत, दुप्पट चालतील" असे सांगून दुकानदाराने पैसे घेतले. दोन महिन्यांत चार्जिंगला लावलेल्या पॅकमधून धूर निघू लागला. भुश्याचा ढीग दोन हातांवर होता. सुतारभाई जागे होते म्हणून बटण बंद करून पॅक अंगणात फेकता आला. ते झोपलेले असते तर काय झाले असते, हे सांगायला नको.

या घटनेत दोन दोष आहेत. एक वापरणाऱ्याच्या सवयीचा आणि दुसरा विकणाऱ्याच्या शब्दाचा. पहिला दोष अज्ञानाचा आहे, तो माहितीने दूर होतो. दुसरा दोष नियतीचा आहे, आणि त्याबद्दल आम्हाला आमच्या व्यापारी बांधवांशी स्पष्ट बोलायचे आहे.

बंदी असलेल्या वस्तूपासून धडा

या सेलची सर्वांत कडू ओळख जगाला झाली ती ई-सिगारेटमुळे. ही वस्तू आपल्या देशात विकता येत नाही. २०१९ च्या कायद्याने तिचे उत्पादन, आयात, विक्री, वाटप, जाहिरात आणि साठवण या सर्वांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नुसता साठा ठेवला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. आखातातून किंवा विलायतेहून येणाऱ्या एखाद्या पाहुण्याने दुकानात ठेवण्यासाठी चार खोकी आणली, तर "आम्हाला माहीत नव्हते" असे म्हणून सुटका होणार नाही. निकोटीनचे व्यसन लावणाऱ्या या वस्तूची तरफदारी करण्याचे आम्हाला काहीच कारण नाही.

पण तिच्या पोटात जो सेल असतो, तो आपल्या कामाच्या हत्यारांतही असतो. मोठ्या ई-सिगारेटमध्ये बहुतेक वेळा १८६५० या मापाचा सेल असतो. १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून हे नाव. हाच सेल अनेक ड्रिलमध्ये, पॉवर बँकेत, टॉर्चमध्ये आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत आहे. म्हणून तिथे जे घडले ते आपल्यालाही लागू आहे.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातील ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोट मोजले. एकूण १९५ घटना नोंदल्या गेल्या आणि १३३ जण जखमी झाले. कोणती घटना केव्हा घडली, याचा हिशोब आम्हाला सर्वांत बोलका वाटतो. ६१ घटना यंत्र किंवा सुटा सेल खिशात असताना घडल्या, ६० वापरताना आणि ४८ चार्जिंगवर असताना. म्हणजे खिशात शांत पडलेला सेलही तितकाच घातक ठरला. खिशात किल्ल्या आणि नाणी असतात. ती सेलच्या दोन्ही टोकांना एकदम लागली की सेलमधील सगळी शक्ती क्षणात बाहेर पडते आणि तो पेटतो. आमचे किती मिस्त्री सुटे सेल खिळे आणि स्क्रूच्या डब्यात टाकून कामाला जातात, याचा ज्याने त्याने विचार करावा.

दुसरा धडा ब्रिटनचा आहे. तिथे एकदा वापरून फेकण्याच्या ई-सिगारेटचा सुळसुळाट झाला. २०२३ मध्ये आठवड्याला सुमारे ५० लाख नग फेकले जातात असा अंदाज दिला गेला. लंडन आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्यांतील सेल काढून तपासले, तेव्हा ते शेकडो वेळा चार्ज होण्याइतके चांगले निघाले. चांगला माल वाया जात होता आणि कचऱ्याच्या गाड्यांना आगी लागत होत्या. शेवटी १ जून २०२५ पासून तिथे अशा वस्तूंच्या विक्रीवर बंदी आली. जो सेल शेकडो वेळा चालू शकतो, तो चुकीच्या वापराने लवकर मारणे हीसुद्धा नासाडीच आहे.

तीन जातींच्या बॅटऱ्या, तीन तऱ्हा

आपल्या चुकीचे मूळ आम्हाला असे दिसते की, आपण एका बॅटरीचा नियम दुसरीला लावतो.

इन्व्हर्टरची आणि जुन्या रिक्षाची बॅटरी शिसे आणि तेजाबाची असते. तिला भरलेली राहायला आवडते. ती रिकामी पडून राहिली तर पाट्यांवर थर चढतो आणि ती बसते. जुन्या बिनवायरच्या टेलिफोनमध्ये आणि सुरुवातीच्या ड्रिलमध्ये निकेल-कॅडमियमचे सेल असत. त्यांना अधूनमधून पूर्ण रिकामे करून भरावे लागे. आमचे उस्ताद लोक शागिर्दांना सांगत, "पूर्ण उतरू दे, मगच चार्ज कर." ते त्या काळी बरोबर होते.

लिथियमचा सेल वेगळा आहे. १९९१ मध्ये सोनी कंपनीने तो पहिल्यांदा बाजारात आणला आणि २०१९ मध्ये त्याच्या तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. याला पूर्ण भरलेले राहणेही आवडत नाही आणि पूर्ण रिकामे होणेही आवडत नाही. मध्यात राहिला तर तो जास्त जगतो. उस्तादांचा जुना नियम याला लावला तर आयुष्य वाढत नाही, उलट कमी होते.

याचे आयुष्य वर्षांपेक्षा फेऱ्यांत मोजावे. शंभर टक्के शक्ती वापरली की एक फेरी झाली. दोन दिवस अर्धी-अर्धी वापरून भरली तरी ती एकच फेरी धरली जाते. मोबाईल आणि ड्रिलमधील साधारण लिथियम सेल ३०० ते ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर मूळ शक्तीच्या सुमारे ८० टक्क्यांवर येतो. नव्या ई-रिक्षांत आणि काही इन्व्हर्टरमध्ये येणारा लोह-फॉस्फेट जातीचा सेल दोन हजारांहून अधिक फेऱ्याही चालतो. पण त्याचा व्होल्टेज वेगळा असतो आणि चार्जरही वेगळा लागतो. एका जातीचा चार्जर दुसऱ्या जातीला कधीही लावू नये.

आता पैशाचा हिशोब पाहू. समजा पॅक तीन हजारांचा आहे आणि कारागीर रोज एक फेरी वापरतो. पॅक ५०० फेऱ्या चालला तर दर दिवसाला सहा रुपये पडले. गैरवापराने २५० फेऱ्यांतच बसला तर बारा रुपये पडले. वर्षाचे ३०० दिवस काम धरले तर हा फरक अठराशे रुपयांचा होतो. ज्याची मजुरी रोजच्या रोज हातात येते, त्याच्यासाठी ही रक्कम लहान नाही.

काळजी काय घ्यावी

पहिला शत्रू उष्णता. लिथियम सेल चार्ज करण्यासाठी शून्य ते ४५ अंश ही मर्यादा साधारणपणे सांगितली जाते. विदर्भ आणि मराठवाड्यात मे महिन्यात सावलीतच ४५ अंशांच्या जवळ पारा जातो. मग पत्र्याखालच्या शेडची आणि उन्हात उभ्या टेम्पोची काय कथा? दुपारी शेडमध्ये पॅक चार्जिंगला लावू नये. काम संपल्यावर पॅक अर्धा तास थंड होऊ द्यावा, मग चार्जर लावावा. संध्याकाळी घरी नेऊन गार जागी चार्ज केला तर फारच उत्तम.

दुसरा शत्रू म्हणजे भरलेल्या अवस्थेत पडून राहणे. २५ अंश तापमानात वर्षभर पूर्ण भरून ठेवलेला सेल सुमारे २० टक्के ताकद कायमची गमावतो. तोच ४० टक्के भरून ठेवला तर सुमारे चारच टक्के जातात. ४० अंशांच्या उष्णतेत हेच आकडे ३५ आणि १५ होतात. म्हणून रमजानात किंवा पावसाळ्यात काम मंद असेल आणि हत्यार महिनाभर ठेवून द्यायचे असेल, तर बॅटरी निम्मी भरून हत्यारातून वेगळी काढावी आणि गार, कोरड्या जागी ठेवावी. दोन-तीन महिन्यांनी पाहून पुन्हा निम्मी करावी.

तिसरी गोष्ट, शंभर टक्के भरण्याचा हट्ट सोडावा. सेलचा पूर्ण भरलेला व्होल्टेज ४.२ असतो. तो थोडा खाली, ४.१ वर थांबवला तर फेऱ्या जवळजवळ दुप्पट मिळू शकतात. आजकालच्या बऱ्याच मोबाईलमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते, ती सुरू करून ठेवावी. जिथे अशी सोय नाही तिथे रात्रभर चार्जर लावून झोपू नये. हे आयुष्यासाठीही चांगले आहे आणि घराच्या सुरक्षिततेसाठीही.

चौथी गोष्ट, ड्रिलचा जोर कमी झाला की हात थांबवावा. शेवटचा स्क्रू पिळण्यासाठी पुन्हा पुन्हा बटण दाबून पॅक पूर्ण कोरडा करू नये. पाचवी गोष्ट, सुटा सेल नेहमी प्लास्टिकच्या डबीत ठेवावा. त्याचे वेष्टन फाटले असेल तर तो वापरू नये. बॅटरी फुगली, दाबली गेली, तिला गोडसर रसायनाचा वास आला किंवा काम नसताना ती गरम लागली, तर तिचा निरोप घ्यावा. सहावी गोष्ट, चार्जर लावायची जागा कठीण फरशीची असावी. गादी, कापडाचे तागे, भुसा आणि थिनरचे डबे तिच्यापासून दूर असावेत. शिवणकामाच्या आणि फर्निचरच्या कारखान्यांनी यासाठी एक वेगळा कोपरा ठरवून टाकावा.

बॅटरी पेटलीच तर आधी वीज बंद करावी. धूर विषारी असतो, त्यात थांबू नये. लहान पॅक असेल आणि जवळ जाणे शक्य असेल तर भरपूर पाणी ओतून तो गार करावा. ज्वाळ विझली तरी सेल पुन्हा पेटू शकतो, म्हणून त्याला उघड्यावर एकटे ठेवावे.

विकणाऱ्यांशी दोन शब्द

आता आमच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या आणि बॅटरी विकणाऱ्या बांधवांकडे वळतो. या धंद्यात आपली बरीच तरुण मंडळी आहेत. कमी भांडवलात, हाताच्या कसबावर त्यांनी दुकाने उभी केली आहेत, याचा आम्हाला अभिमान आहे. म्हणूनच हे बोलणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

बाजारात ९९०० मिलिअँपिअर-तास असा आकडा छापलेले १८६५० सेल मिळतात. या मापाच्या बहुतेक चांगल्या खऱ्या सेलची क्षमता साधारण ३५०० ते ३६०० पर्यंतच असते. म्हणजे ९९०० चा आकडा उघड खोटा आहे. कित्येकदा जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या सेलवर नवे रंगीत वेष्टन चढवलेले असते. खरा सेल वजनाला साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. नकली सेल हलका लागला तर तिथेच सावध व्हावे. आपण दुकानदार आहोत, काटा आपल्यासमोरच असतो. तोलून पाहायला किती वेळ लागतो?

दुसरा प्रकार मेलेला सेल झटका देऊन उठवण्याचा. दीड व्होल्टच्या खाली जाऊन आठवडाभर पडून राहिलेल्या सेलच्या आत तांबे विरघळते. त्याला पुन्हा चार्ज केले की आतल्या आत दोन्ही बाजू जुळण्याचा धोका असतो. मीटरवर तो जिवंत दिसतो आणि गिऱ्हाईक पैसे देऊन जातो. पण तो गिऱ्हाइकाच्या घरात, त्याच्या मुलाबाळांच्या उशाशी चार्ज होणार असतो.

तिसरा प्रकार पॅकमधील एक-दोन सेल बदलून बाकीचे जुनेच ठेवण्याचा. जुना सेल आधी भरतो आणि आधी रिकामा होतो, आणि सारा ताण त्याच्यावर येतो. बदलायचे तर एकाच बनावटीचे, एकाच क्षमतेचे सगळे सेल बदलावेत. लोक ज्याला बीएमएस म्हणतात ती संरक्षक पट्टी वगळून पॅक जोडू नये. सेलवर थेट सोल्डर मारण्याऐवजी निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने लावावी, कारण सोल्डरच्या उष्णतेने सेल आतून दुखावतो.

काही जण म्हणतात, "गिऱ्हाइकालाच स्वस्त पाहिजे, आम्ही काय करणार?" या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. खऱ्या सेलचा भाव सांगितला की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते आणि शेजारी स्वस्तात काम करून देतो. भाडे आणि विजेचे बिल कोणाला चुकले आहे? पण आमचे म्हणणे एवढेच की, स्वस्त माल विकायचा असेल तर तो स्वस्त म्हणून विकावा. "हा जुना सेल आहे, सहा महिने चालेल, रात्री लावून झोपू नका" असे तोंडावर सांगावे. मालातील ऐब लपवू नये, ही शिकवण आपल्यातील प्रत्येक व्यापाऱ्याने लहानपणापासून ऐकली आहे. बॅटरीचा ऐब तर डोळ्यांना दिसतही नाही. गिऱ्हाइकापाशी दुकानदाराच्या शब्दाशिवाय दुसरी कसोटीच नसते. मेलेला आणि धोक्याचा सेल मात्र कोणत्याही भावाला विकू नये, कारण तिथे सांगून विकण्यालाही अर्थ नाही.

कायदाही आता डोळे मिटून बसलेला नाही. छोट्या उपकरणांच्या लिथियम सेलवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. आय. एस. १६०४६ हे मानक आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहून माल उचलावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालामुळे झालेल्या हानीची जबाबदारी काही परिस्थितीत विक्रेत्यावरही येते. घाऊक व्यापाऱ्याकडून पक्के बिल घेतलेले असेल तरच आपल्याला त्याच्याकडे बोट दाखवता येईल. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या मालाची सगळी जोखीम आपल्याच गळ्यात राहते.

साठ्याबद्दलही एक सूचना. बॅटरी हा भाजीसारखा नसला तरी लोखंडासारखाही माल नाही. फळीवर पडून ती म्हातारी होते. आधी आलेला माल आधी विकावा, बनावटीची तारीख पाहून खरेदी करावी आणि शोकेसमध्ये उन्हात मांडू नये.

बसलेल्या बॅटरीचे काय?

भंगाराचा धंदा आपल्याकडे मोठा आहे. तिथे लिथियमचा पॅक हातोडीने फोडला जातो किंवा इतर भंगाराबरोबर दाबला जातो. त्यातून आग लागते आणि हात जळतो तो मजुराचा. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू केले. त्यानुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची आणि त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि बॅटरी घरच्या कचऱ्यात न मिसळणे हे वापरणाऱ्याचे काम आहे. प्रत्येक बाजारातील दुकानदारांनी मिळून एक झाकणाचा डबा ठेवावा, सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून तो त्यात टाकावा आणि साठा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राला द्यावा. एका दुकानाला हे जड जाईल, पण दहा दुकानांना मिळून जड जाणार नाही.

आमच्या मते बाजारातील जाणत्या मिस्त्रींनी आणखी एक काम हाती घ्यावे. महिन्यातील एक संध्याकाळ काढून शिकाऊ मुलांना सेल मोजणे, तोलणे, जोडणे आणि नाकारणे शिकवावे. यातील नाकारणे सर्वांत आधी शिकवावे. जो मिस्त्री "हा सेल मी लावणार नाही" असे म्हणू शकतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक उशिरा येईल, पण एकदा आले की जाणार नाही.

आमच्या त्या सुतारभाईंनी आता नवा पॅक घेतला आहे. या खेपेस दोन पैसे जास्त देऊन, पक्क्या बिलावर. शेडच्या दारापाशी फरशीचा एक तुकडा टाकून त्यांनी चार्जिंगची जागा केली आहे आणि रात्री घरी जाताना ते चार्जरची पिन काढून खिशात घालतात. ज्या दुकानदाराने त्यांना "दुप्पट चालतील" असे सांगितले होते, त्याच्याकडे ते पुन्हा गेलेले नाहीत. त्यांची चार शागिर्द मुलेही तिकडे जात नाहीत. धंद्यात नुकसान कशाने होते याचा हिशोब त्या दुकानदाराने एकदा अवश्य मांडून पाहावा.